माझ्या जागी आतेभाऊ

मंगळवार, ३ सप्टेंबर. पहाटे ५.४०.

बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसून लिहितो आहे. खोलीत दिवा लावला की गणितवाले सर उशी फेकतात.

निर्णय झाला. ही नोकरी सोडायची. करार दोन वर्षांचा, त्यातले सात महिने झाले. उरलेले मी इथे काढणार नाही. परदेशात इंग्रजीचे लेक्चरर, स्वतंत्र निवास, असं एजंटच्या जाहिरातीत होतं. प्रत्यक्षात इन्स्टिट्यूट टायरच्या दुकानावर आहे. दिवसाला नऊ तास घ्यायचे. स्वतंत्र निवासात मी, गणितवाले सर आणि इन्स्टिट्यूटचे मोडके बाक राहतो. खिडकी उघडली की भिंत.

आज संचालकांशी स्पष्ट बोलणार. सहा मुद्दे पाठ केले आहेत.

त्याच दिवशी, दुपारी.

बोललो. संचालक फार नीट ऐकून घेतात. चहासुद्धा मागवला. म्हणाले, तुमच्याइतका सरळ माणूस या इमारतीत दुसरा नाही, म्हणून सकाळी सहाची नवी बॅच तुमच्याकडेच देतो. मी तेव्हा चौथ्या मुद्द्यावर होतो. नोकरी सोडण्याचा मुद्दा सहावा होता.

एकंदर चर्चा सकारात्मक.

गणितवाले सर आपल्याच भागातले, इथे चार वर्षं आहेत. म्हणाले, अजून दोन वेळा बोल, म्हणजे रात्रीची बॅचपण मिळेल. त्यांचा स्वभाव मुळातच कडवट आहे.

शुक्रवार, ६ सप्टेंबर.

नोटीस बोर्डवर संचालकांची सूचना होती. पाच ओळींत सात चुका. लाल पेनाने दुरुस्त केल्या. दंड झाला. मी फक्त बारावी असेन, पण चुकीच्या स्पेलिंगखालून मला जाता येत नाही. दंड झाला तरी बोर्ड शुद्ध आहे.

रविवार, १५ सप्टेंबर.

ससा. दर रविवारी एका शिक्षकाने सशाचा पोशाख घालून सिग्नलला इन्स्टिट्यूटची पत्रकं वाटायची, अशी इथली पद्धत. पाळी कोणाची हे ठरवायला गेल्या महिन्यात बैठक झाली. मी पाण्याची बाटली भरायला गेलो होतो, तेवढ्यात ठरलं.

आज एका पोराने डावा कान उपटला. कान पगारातून कापणार.

घरी मी कळवलं आहे की रविवारी इन्स्टिट्यूटची पब्लिसिटी बघतो. त्यात खोटं काही नाही. फक्त सशाच्या तोंडातून बघतो. आईचा फोन आला होता. आत्या विचारत होती म्हणे, हाताखाली माणसं किती? मी म्हणालो, हाताखाली असं नाही, पण रस्त्याने जाणारा प्रत्येक जण माझ्याकडे वळून बघतो. आईला भरून आलं.

बुधवार, १८ सप्टेंबर.

आजारी पडलो. ठरवून. पाठ निवडली, कारण पाठ थर्मामीटरने पकडता येत नाही. सात दिवस पडून राहायचं, म्हणजे संचालक कंटाळून आपणच जा म्हणतील.

संचालक स्वतः खोलीवर आले. हळहळले. वर्गात माझ्यासाठी गादीची खुर्ची ठेवायला लावली आणि मला धरून खाली नेलं. नऊ तास बसून घेतले. खुर्चीचा एक पाय आखूड आहे. संध्याकाळपासून पाठ खरंच दुखते.

शनिवार, २८ सप्टेंबर.

सापडलं! करार सही करण्याआधी मी तीनदा वाचला होता, पण तेव्हा लक्ष स्पेलिंगकडे होतं. आज अर्थासाठी वाचला. कलम नऊ: शिक्षकाने आपल्या जागी दुसरा शिक्षक आणून दिला आणि त्याने महिनाभर काम केलं, तर पहिल्याला मुदतीआधी, दंडाशिवाय जाता येईल. पासपोर्टही त्याच दिवशी परत मिळेल. तो संचालकांच्या कपाटात आहे. पहिल्या दिवशी त्यांनी नुसता बघायला मागितला होता. मीच म्हणालो, तुमच्याकडेच राहू द्या, सुरक्षित. दोन झेरॉक्सही दिल्या.

तर माणूस हवा. आत्याचा मुलगा. मेडिकल दुकानात काउंटरवर असतो. डॉक्टरांचं अक्षर वाचतो, म्हणजे इंग्रजी काहीच अवघड नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर.

आतेभावाला फोन. मी एक शब्दही खोटं बोललो नाही. राहायला खोली आहे, म्हणालो. आहे. शेजार शांत आहे. भिंत शांतच असते. काम किती, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, कंटाळा यायला वेळ मिळत नाही. दादा, मला जमेल का, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी म्हणालो, मी आहे ना.

फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. पाठीमुळे असावं.

शनिवार, १९ ऑक्टोबर.

आतेभावाने दुकान सोडलं. आत्याने एजंटला पैसे भरले. आई म्हणाली, तू भावाचं कल्याण केलंस, अशी माणसं आता राहिली नाहीत.

गणितवाल्या सरांना कलम नऊ दाखवलं. वाचून त्यांनी विचारलं, सख्खा आतेभाऊ का? मी हो म्हणालो. त्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते.

शनिवार, २३ नोव्हेंबर.

आतेभाऊ आला. हसत आला. सोबत आईने दिलेले लाडू आणि आत्याने मला शिवून पाठवलेला कोट, लेक्चरला घालायला. जिना चढताना त्याने विचारलं, आपला मजला कुठला? मी म्हणालो, हाच. मग म्हणाला, आणि दादा, तुझी खोली? मी म्हणालो, हीच. तो बाकावर बसला. बाक मोडका होता, तो पडला. तरी हसला. मुलगा गुणी आहे, टिकेल.

महिनाभर. मग मी मोकळा. तिकिटाचे पैसे चपलांच्या खोक्यात जमवून ठेवले आहेत.

संचालकांनी त्याच्याकडे पासपोर्ट बघायला मागितला. तो म्हणाला, बॅगेत तळाशी आहे, काढतो सावकाश. अजून काढलेला नाही. व्यवस्थितपणा कमी.

रविवार, १ डिसेंबर. संध्याकाळी.

आज ससा त्याला दिला. मी शेजारी उभा राहून पत्रकं पुरवत होतो. अर्ध्या तासाने सशाच्या आतून आवाज आला.

"दादा, तू घरी पब्लिसिटी म्हणायचास, ती हीच ना?"

मी हो म्हणालो. सिग्नल पाच-सहा वेळा लाल झाला. मग ससा फूटपाथवर खाली बसला. मी म्हणालो, ऊठ, लोक बघतायत.

"मला घरी जायचंय," तो म्हणाला. "तूच सांग दादा, आईला काय सांगू?"

मी त्याला समजावलं की सुरुवातीला सगळ्यांनाच असं होतं. पाठीचं सांगितलं, खुर्चीचं सांगितलं. तो मुंडक्यासकट रडत होता. आत रडलं की डोळे पुसता येत नाहीत, हे मला माहीत आहे.

सोमवार, २ डिसेंबर.

शांतपणे विचार केला. आतेभाऊ शिकवायला लायक नाही. त्याचे उच्चार कच्चे आहेत. अशा माणसाला माझ्या जागी ठेवणं म्हणजे विद्यार्थ्यांचं नुकसान, आणि ते मला पटणार नाही. या एका शैक्षणिक कारणासाठी त्याला परत पाठवतो आहे. दुसरं कारण नाही.

खोकं उघडलं. थोडे कमी पडले. गणितवाल्या सरांनी न मोजता दिले. म्हणाले, मूर्खा, त्याला लवकर ने, सहाच्या बॅचच्या आधी. टॅक्सीचं भाडं मी दिलं. विमानतळावर आतेभाऊ पाया पडला. मी म्हणालो, महिन्याभरात येतोच.

बुधवार, ४ डिसेंबर.

संचालक रागावले नाहीत. तेच वाईट. म्हणाले, पर्यायी शिक्षक पळाला, त्याच्या कामाच्या परवान्याचा खर्च तुमच्याकडून वळता करावा लागेल. पगार पुरत नाही, म्हणून करार आठ महिने वाढवला. सही केली. नव्या करारात कलम नऊ नाही. एक स्पेलिंग चुकलं होतं, ते दुरुस्त करून दिलं.

रविवार, ८ डिसेंबर. सकाळी १०.१५, ससा घालण्यापूर्वी.

आईचा फोन. आतेभाऊ पोहोचला. त्याने घरी सांगितलं, दादाचं तिकडे फार मोठं काम आहे, मलाच तेवढं जमलं नाही. दुकानात त्याची जागा भरली होती. तो आता दुसरीकडे बघतो आहे. आत्या गप्प असते. आई म्हणाली, तू तरी नाव काढलंस, आता मध्येच सोडून येऊ नकोस हो बाळा.

मी म्हणालो, छे, सोडतोय कशाला.

हिशोब. इथल्या चलनात.

खर्च: विमानाचं तिकीट ९४०. टॅक्सी २५. वाटेत खायला त्याच्या खिशात घातले १०.
देणे: संचालक २,१००. गणितवाले सर १८०. सशाचा कान ३५.
शिल्लक: ६.
काढलेली तिकिटं: एक. त्यावर नाव माझं नाही.