अर्जदारास तीनदा आलेला गोवर

प्रति,
मा. अधिसेविका,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत.

विषय : दिवंगत परिचारिकेच्या रजेच्या नोंदींतील आजार मुलीच्या नावावरून काढून परिचारिकेच्या स्वतःच्या नावे लावणेबाबत.

संदर्भ : १) येत्या सोमवारच्या फलक अनावरणाचे आपले निमंत्रणपत्र.
२) आपला लाल शाईतील शेरा.

महोदया,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची आई आपल्या हाताखाली शस्त्रक्रिया वॉर्डात अठ्ठावीस वर्षे परिचारिका होती व गेल्या महिन्यात नोकरीत असतानाच वारली. तिच्या स्मरणार्थ वॉर्डाच्या दाराशी फलक बसविण्याचे आपण योजिले असून, त्यावर "आजारी मुलीचे करता करता रुग्णसेवेत झिजलेली माता" असे कोरल्याचे निमंत्रणावरून समजते. सदर आजारी मुलगी म्हणजे प्रस्तुत अर्जदार. अर्जदार शाळेत खेळ शिकवते, रोज सकाळी पाच किलोमीटर धावते, आणि सर्दीपलीकडे तिला आजवर काहीही झालेले नाही.

फलकाचा मजकूर आपण कोठून घेतला हे शोधण्यासाठी अर्जदाराने आईच्या रजा अर्जांच्या प्रती कार्यालयातून रीतसर मागून घेतल्या. त्यांवरून असे दिसते की, अर्जदारास तीनदा गोवर व दोनदा कांजिण्या आल्या, एकदा तिचा पाय मोडला, आणि एकाच वर्षात तिच्या टॉन्सिल्स दोनदा काढण्यात आल्या. अर्जदाराच्या टॉन्सिल्स आजही घशात आहेत. सोमवारी येताना ती त्या घेऊनच येईल, बॅटरी आपण आणावी. इतके डॉक्टर, इतक्या सिस्टर असलेल्या इमारतीत एका मुलीला तिसऱ्यांदा गोवर येतो आणि कोणाची भुवईसुद्धा वर जात नाही, याचे अर्जदारास नवल वाटते.

आजारी आई होती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिला संधिवाताने धरले. पहाटे गरम पाण्यात हात बुडवून बसल्याशिवाय तिची मूठ मिटत नसे. युनिफॉर्मची बटणे अर्जदार लावून देत असे, वयाच्या सहाव्या वर्षापासून. बोटे वळत नसल्याने आई सुई फार सावकाश टोचायची, त्यामुळे दुखत नसे, म्हणून रुग्ण तिला 'हळूबाई' म्हणत आणि हळूबाईच पाहिजे म्हणून अडून बसत. तिने पहिला रजा अर्ज खरा लिहिला होता : "बोटांचे सांधे सुजले आहेत." त्यावर आपण लाल शाईने लिहिलेत, "परिचारिकेने आजारी पडावयाचे नसते. नामंजूर." तेवढ्याने आपले समाधान झाले नाही. ड्युटी बदलताना तो अर्ज आपण सगळ्यांसमोर वाचून दाखवलात, आणि वर "सिस्टर, पेशंट कोण आणि नर्स कोण ते एकदा ठरवून घ्या" असेही म्हणालात. सगळ्या हसल्या. त्या हसणाऱ्यांपैकीच एकीने ही हकीकत अर्जदारास अंत्यसंस्काराच्या दिवशी रडत सांगितली.

पुढच्या खेपेस आईने लिहिले, "मुलीस ताप." आपण लिहिलेत, "मंजूर. काळजी घ्यावी." आई काय समजायचे ते समजली. त्या तापापासून एकेचाळीस वेळा अर्जदार आजारी पडली आणि आपली काळजी एकेचाळीस वेळा चुकीच्या पत्त्यावर गेली.

पाय मोडल्याची जी तारीख आहे, त्या दिवशी अर्जदार आंतरशालेय शर्यतीत पहिली आली होती. बक्षीस घेताना तिने गर्दीत आईला शोधले. आई घरी पलंगावर होती, तिला पाय जमिनीला टेकवत नव्हता. अर्जदार दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. याबद्दल अर्जदारास स्वतःचा संताप येतो, परंतु आपला अधिक येतो.

अर्जदारास अठरा वर्षे पूर्ण झाली त्या महिन्यातला अर्ज आपण परत पाठवलात : "मुलगी सज्ञान आहे. नामंजूर." त्यापुढे अकरा वर्षे आईने एकही रजा मागितली नाही. मागायला तिच्याकडे कारणच उरले नव्हते.

सबब विनंती की,

१) एकेचाळीसही अर्जांवर आपण स्वतःच्या हाताने, त्याच लाल शाईने, "मुलगी नव्हे, परिचारिका आजारी होती" असे लिहून प्रत्येकाखाली सही करावी. हे काम लिपिकावर ढकलू नये. बोटे भरून आल्यास गरम पाणी घ्यावे व पुढे लिहावे.

२) फलकावरील 'आजारी मुलीचे करता करता' हे शब्द छिन्नीने काढावेत. नवा फलक करू नये. खोडल्याची खूण राहू द्यावी, येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावे आणि आपण सांगावे.

३) आईच्या शेवटच्या युनिफॉर्मच्या खिशात एक अर्ज सापडला. ती कोसळली त्याच्या चार दिवस आधीचा. तो घेऊन ती आपल्या केबिनच्या दारापर्यंत आली होती व तशीच परत गेली, असे बाहेर बसणाऱ्या शिपायाने सांगितले. त्यात कारण म्हणून दोनच ओळी आहेत : "मी आजारी आहे. माझी मुलगी ठणठणीत आहे."

तो अर्ज एका दिवसाच्या रजेचा आहे. तो आपण सोमवारी समारंभात, माईकवरून, सगळ्या स्टाफसमोर वाचावा आणि तिथेच त्यावर 'मंजूर' लिहावे. फलकाच्या पडद्याची दोरी अर्जदाराच्या हाती देण्याचे आपणच निमंत्रणात छापले आहे. आपण वाचेपर्यंत अर्जदार ती ओढणार नाही आणि सोडणारही नाही. तिचे हात चांगले धडधाकट आहेत.

आपली,
नम्र राहण्याचा आटोकाट प्रयत्न करणारी,
(सही)
हळूबाईंची मुलगी
दिनांक : अनावरणाच्या तीन दिवस आधी

सोबत : १) एकेचाळीस रजा अर्जांच्या प्रती.
२) शर्यतीच्या प्रमाणपत्राची प्रत, पाय मोडल्याच्या तारखेची.
३) लाल शाईचे पेन, एक.
४) आईचा शेवटचा अर्ज जोडलेला नाही. तो अर्जदार सोमवारी समक्ष आपल्या हातात देईल.