चोथ्यातला खजूर

५ ऑक्टोबर

नवऱ्याची साखर सोळा! सातच्या आत हवी; ऑगस्टात अकरा होती, आज सोळा! रक्ताचा थेंब मी स्वतः यंत्रात घातला. पुन्हा घातला — पुन्हा सोळा. तालुक्याची डॉक्टरीण स्पष्टच म्हणाली, "मावशी, वीस तारखेपर्यंत साखर उतरली नाही तर पायाचा अंगठा काढावा लागेल. काळा पडत चाललाय."

आणि आमचं म्हातारं खुशाल खिडकीबाहेर बघतंय! अंगठा जणू शेजाऱ्याचा!

भात बंद. रताळं बंद. नूडल्स अर्धी वाटी, त्याही मी मोजून वाढते. मग हा माणूस खातो तरी काय?

६ ऑक्टोबर

या दिवसांत आमच्या गावात गोडापासून माणूस वाचवायचा कसा! प्रत्येक छपरावर आमचा बोराच्या जातीचा लाल खजूर वाळतोय, नदीपर्यंतची वाट लाल झालीय. आज त्याचे खिसे उलटे केले. तोंडाचा वास घेतला. उशी उसवली. काही म्हणजे काही नाही!

विचारावं म्हटलं तर बोलत नाही ना मी त्याच्याशी. या वसंत ऋतूपासून. लग्न होऊन आले तेव्हा माहेराहून खजुराचं रोप आणून अंगणात लावलं होतं. बोराटीसारखं काटेरी, पण फळ मधासारखं. मुलाची गाडी ठेवायला जागा हवी म्हणून यानं ते झाड तोडलं. मला न विचारता! मी बाजारात गेलेली, आले तर बुंधा!

तेव्हापासून जे सांगायचं ते भिंतीला सांगते. "भिंती, त्याला म्हणावं, जेवण झाकून ठेवलंय." तोही भिंतीलाच उत्तर देतो.

८ ऑक्टोबर

चोर सापडला! माझी नणंद, लामेई. दारात उभी, कोटाच्या आत फडक्यात गुंडाळलेला खजुराचा वाफेवरचा केक.

"वहिनी, एकच तुकडा. मानत्सांगदादाचं तोंड किती उतरलंय बघ!"

"तोंड उतरू दे, साखर उतरली पाहिजे! तुझा एक तुकडा म्हणजे त्याचा एक अंगठा!"

"मी पहिल्यांदाच आणलाय गं, शपथ!"

शपथा कसल्या घेते! हाताला धरून बाहेर काढली. रस्त्यात उभी राहून रडली — दगडाचं काळीज म्हणाली मला. म्हणू दे. आता बघा साखर कशी खाली येते.

११ ऑक्टोबर

सतरा.

१२ ऑक्टोबर

आठ दिवस राहिले.

वैद्य शांगांचा काढा तेवढा सुरू आहे, त्याचाच आधार. दीड महिना झाला, एक दिवस चुकवला नाही. ते माझं कामच! एकतीस वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या बांधल्या, प्रत्येक गिऱ्हाइकाला पुडी देताना एकच वाक्य — "घरी काढा उकळताना आल्याच्या तीन चकत्या आणि बारा खजूर घाला." झोपेतही म्हणते असं मुलगा चिडवतो.

सकाळी उकळते, गाळते, चोथा रस्त्यावर नेऊन ओतते. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी दुखणं दूर जावं. म्हातारं मात्र वाटी तळापर्यंत पितं. तोंड वाकडं करत नाही. काल तर माझ्याकडे बघून हसलं! मी भिंतीकडे बघितलं.

१४ ऑक्टोबर

कसं लिहू? लिहिलंच पाहिजे.

वैद्य शांग त्याचा पाय बघायला येत होते. मी दारात. ते रस्त्यात थांबले, काठीने चोथा उकरला, वाकून एक लाल साल उचलली.

"हे कुणाकडचं?"

"आमच्याकडचं."

"खजूर कुणी घातला?"

"मी. म्हणजे — घालतातच ना!"

"माझ्या कागदावर लिहिलाय?"

नव्हता लिहिलेला! कागद स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय. रोज बघते. नाही लिहिलेला!

"खजूर गुणी आहे, नाही कोण म्हणतं?" वैद्यबुवा हळूच म्हणाले. "रक्त वाढवतो, पोटाला बळ देतो, झोप आणतो, जहाल औषधांचं आपसात जमवून देतो. पण पोट फुगतंय, कफ साचलाय, अंगात ओल धरलीय, त्याला जपूनच द्यावा. आणि साखरवाल्याला? बाई, तू एकतीस वर्षं दुकानात होतीस ना गं?"

रोज बारा! तेही फाडून, बी काढून — बी उष्ण पडते म्हणून! केवढी ती काळजी! हात आपोआप चालला. औषधात पडलं ते खाणं नव्हे, असंच मी धरून बसले. नूडल्स मोजल्या, उशी उसवली, लामेईला रस्त्यावर रडवलं. आणि त्याला गोड घालणारी मी! मीच!

वैद्यांचे पाय धरले. म्हटलं, त्याला तुम्ही सांगू नका, मी सांगते.

१५ ऑक्टोबर

बिनखजुराचा काढा देऊ का विचारलं तर वैद्य म्हणाले, दवाखान्यातलं सगळं उरकेपर्यंत काढाच थांबव. थांबवला.

लामेईकडे गेले. दारातच सगळं सांगितलं. तिने आत ओढून घेतलं, गरम पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याला अजून सांगितलेलं नाही. तीनदा तोंड उघडलं.

२० ऑक्टोबर

साखर दहा. पण उशीर झाला. डाव्या पायाचा अंगठा सकाळी काढला.

२४ ऑक्टोबर

घरी आणलं. वैद्यांच्या कागदाप्रमाणेच काढा केला, दोनदा वाचून. त्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला —

"कडू आहे गं. पुन्हा रागावलीस? इतके दिवस तू चोरून खजूर घालत होतीस, मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. वाटलं, झाडाचा राग गेला. म्हणून कुणाकडे बोललो नाही."