दोष आढळला नाही

॥ श्री ॥

दि. ४ मार्च

ति. अक्का हिला,

बारकीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर मी रडते आणि तू ऐकू येत नाही म्हणत ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

परवा तुझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि मी दवाखान्यात तुझ्याजवळ असायला हवं होतं. देवाची शपथ घेऊन सांगते, आम्ही वेळेवर निघालो होतो. पहाटे देवापुढे दिवा लावला, डब्यात तुझ्यासाठी मऊ भात भरला, आणि नव्या गाडीत बसलो. हायवेवर चढ लागला, डाव्या बाजूला सिमेंटच्या पाइपांचे ढीग आहेत तिथे, आणि समोरचे सगळे दिवे एकदम लागून गाडी गप्प झाली. पेट्रोल होतं. ह्यांनी चावी फिरवली, बटणं दाबली, मग उतरून टायरला लाथ मारली आणि लगेच तीच जागा रुमालाने पुसली. मी तेवढ्यात नामस्मरण करून पाहिलं. दोघांचाही उपयोग झाला नाही.

टोचन लावणारी गाडी येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. आणि अक्का, त्या माणसाने हुक अडकवायच्या आधी सहज चावी फिरवली, तर ही भवानी सुरू! आमच्याकडे त्याने असं पाहिलं की जणू आम्ही गंमत म्हणून रस्त्यात बसलो होतो. पुढे न्यायचा धीर होईना, म्हणून ती तशीच शोरूमला नेली. तिथे दिवसभर कॉम्प्युटर लावून तपासली. आमच्यासाठी गार खोली, मऊ खुर्च्या आणि भिंतीवर हसणारी माणसं. मॅनेजरही तसाच, बोलतानाही दात मिटत नाहीत.

ही गाडी बंद पडायची तिसरी खेप. पण तू मनात काही आणू नकोस. पुढच्या महिन्यात डावा डोळा आहे, तेव्हा मी असेनच.

लोभ आहेच, आमच्या गाडीकडे बघून तो कमी करू नये, ही विनंती.

तुझी,
बारकी

---

दि. ११ मार्च

चि. सौ. बारकी हिला,

अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. दोन्ही बाजूंनी वाचलं.

काटकसर चांगली गोष्ट आहे. तू पाठकोरा कागद कधी वाया घालवत नाहीस, हे मला तुझ्या शाळेपासून ठाऊक आहे. पण या वेळी ज्या कागदाच्या पाठीवर लिहिलंस, त्याचं पोट एकदा बघायचं होतंस. तुझं मोठं अक्षर मी डाव्या डोळ्याने वाचलं. पलीकडची बारीक छपाई शेजारच्या ड्रायव्हरसाहेबांनी वाचून दाखवली. त्यावर शोरूमचा गोल शिक्का आहे, मॅनेजरची सही आहे, आणि लिहिलं आहे की वाहन संपूर्ण तपासले, वाहन सुस्थितीत आहे, दोष आढळला नाही.

मी सगळी नोकरी टपालात शिक्के मारण्यात काढली. शिक्का असलेल्या कागदावर माझा विश्वास बसतो, त्याला माझा इलाज नाही. ड्रायव्हरसाहेबांनीही आयुष्यभर बस चालवली. त्यांचं म्हणणं, नव्या गाड्या अशा बंद पडत नसतात. न येणाऱ्या माणसांच्या तेवढ्या पडतात. मी त्यांना गप्प केलं नाही.

तुझ्या दारावरून इकडची बस जाते. तिचा कंडक्टरसुद्धा मला ओळखतो. ती काही तुझ्या डोळ्याला दिसली नाही. मोतीबिंदू माझ्या डोळ्यात आहे, अशी माझी समजूत होती.

दवाखान्याच्या फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून तुझं नाव होतं. त्या दिवशी ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोने सही केली. डाव्या डोळ्यासाठी तिचंच नाव घालायला सांगणार आहे. तुला गाडी काढायचा त्रास नको.

मेहुण्यांना नमस्कार, गाडीला आशीर्वाद.

अक्का

---

॥ श्री ॥

दि. १९ मार्च

ति. अक्का,

शि. सा. नमस्कार, वि. वि.

हा कागद दोन्ही बाजूंनी कोरा आहे, उलटून बघ. एका बाजूला काहीच लिहिणार नाही. माझ्या जिवावर आलं आहे, पण ही शिक्षा मला हवीच.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर जेवले नाही. ह्यांनी विचारलं, उपास आहे का. मी म्हटलं, आहे. मग दुसऱ्या दिवशी त्या खोट्याबद्दल खरोखरचा केला.

बसचं विचारतेस, तर मी त्याच दिवशी चढावर म्हटलं होतं की पाठीमागून बस येईल, तिला हात करू. ह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, गाडी असलेली माणसं बसला हात करतात का, बसमधली ओळखीची माणसं काय म्हणतील! सकाळी मी देव पुसते तेव्हा हे गाडी पुसत असतात, आणि खरं सांगू, फडकं त्यांचं जास्त मऊ आहे. त्या माणसाला गाडीजवळ एकटं टाकून जाववेना. चुकलं असेल माझं, पण खोटं नव्हतं.

तुझं पत्र आणि ह्यांना घेऊन मी तडक शोरूमला गेले. मॅनेजरला म्हटलं, गाडी बंद पडली होती एवढं तरी लिहून द्या, माझ्या बहिणीला दाखवायचं आहे. तो हसून म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये नोंद नाही, म्हणजे पडली नव्हती. मी विचारलं, मग आम्ही रस्त्यात काय करत होतो? तो म्हणाला, ते कॉम्प्युटर सांगू शकत नाही. काउंटरवरच्या मुलीने मला गिऱ्हाईक समाधानी आहे का याचा फॉर्म दिला. त्यात असमाधानी असा रकानाच नाही. समाधानी, फार समाधानी आणि अत्यंत समाधानी, एवढेच.

परतताना गाडी भाजीबाजाराच्या तोंडाशी बंद पडली. मॅनेजरला बोलावलं. त्याने दारावर हात ठेवला आणि ती सुरू झाली. त्यानेच मग सांगितलं, कंपनीच्या माणसाने लांब पल्ल्याला चालवून पाहिल्याशिवाय असल्या तक्रारींचा उलगडा होत नाही. मी विचारलं, लांब म्हणजे कुठवर? म्हणाला, तुम्ही म्हणाल तिथवर.

अक्का, मी तुझं गाव सांगितलं आहे. तारीख तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. ह्यांच्या ऑफिसात तपासणी चालू आहे म्हणून हे येत नाहीत. मॅनेजर स्वतः चालवणार, मी मागे बसणार. फॉर्मवरचं नाव अजून बदललं नसेल तर राहू दे.

लोभ कमी झालाच आहे. उरला असेल तो जपून वापरावा.

तुझी,
बारकी

---

दि. २५ मार्च

चि. सौ. बारकी,

अ. उ. आ.

शोरूमचा मॅनेजर तुला घेऊन येणार! हे मागच्यापेक्षा बरंच चांगलं जमलं आहे. ड्रायव्हरसाहेबांना वाचून दाखवलं, त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

नाव अजून बदललेलं नाही. दवाखान्यातला कारकून रजेवर आहे, एवढंच कारण. दारात उभी दिसलीस की विश्वास ठेवीन.

अक्का

---

॥ श्री ॥

दि. १२ एप्रिल

अहो,

सा. न. वि. वि.

अक्काचं ऑपरेशन छान झालं. फॉर्मवर मीच सही केली. आता गाडीचं सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल, किंवा भांड्यातून बाहेर.

आपला तो चढ ती हसत चढली. पाइपांचे ढीग मागे गेले आणि मॅनेजरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. पुढे प्रत्येक पुलावर त्याने तसंच पाहिलं आणि बघा काकू, बघा काकू करत राहिला. शेवटी मला राहवेना. आयुष्यात कधी नाही ते देवाकडे मागितलं की देवा, एकदा बंद पडू दे. लगेच अक्काचा डोळा आठवला, म्हणून घाईघाईने म्हटलं, आत्ता नको, पोचल्यावर.

देवाने शब्दशः ऐकलं. अक्काच्या फाटकाशी मॅनेजर मला विजयी मुद्रेने उतरवायला थांबला आणि सगळे दिवे लागून गाडी गप्प झाली. त्याने चावी फिरवली. बटणं दाबली. मग उतरून टायरला लाथ मारली. पुसलं मात्र नाही, याची नोंद घ्या.

त्याने स्वतःच्याच शोरूमला फोन लावला. ऊन होतं म्हणून आम्ही सगळे फाटकाजवळच्या सावलीत उभे, आणि पलीकडच्या मुलीचा आवाज साऱ्या गल्लीत ऐकू जात होता. आधी तिने गाडीचा नंबर विचारला, मग पेट्रोल आहे का, मग चावी नीट फिरवली का. हा ओरडून म्हणाला, अगं, मी मॅनेजर बोलतोय! ती शांतपणे म्हणाली, साहेब, कॉम्प्युटरमध्ये तर काही दोष दिसत नाही, गाडी इकडे घेऊन या.

अक्का फाटकाला धरून सगळं ऐकत होती. मग तिने माझा हात घट्ट धरला आणि घरात जाईपर्यंत सोडला नाही. ड्रायव्हरसाहेबांनी मॅनेजरला बसस्टॉपवर नेऊन सोडलं. कुठल्या बाजूला बसलं की ऊन लागत नाही तेही सांगितलं म्हणे.

कपाटात खालच्या फळीवर डाळ आहे. दूध रोजच्यापेक्षा कमी घ्या, एकटेच आहात. गाडी दुरुस्त होईपर्यंत ती इथे, आणि मीही.

लोभ आहेच, तोवर घर आणि देव सांभाळावे.

आपली,
सौ.

---

दि. २० एप्रिल

प्रिय सौ. हिला,

स. न. वि. वि.

डाळ सापडली, झाकण सापडलं नाही. देवाला रोज दिवा लावतो. परवा दुपारी लावला, पण तो धरशील ना?

आज शोरूमचं पत्र आलं. लांब पल्ल्याची चाचणी यशस्वी झाली, वाहनाने संपूर्ण प्रवास न थांबता केला, असं लिहिलं आहे. सही मॅनेजरचीच. विचारायला गेलो तर म्हणाला, प्रवास संपल्यावर जे झालं ते चाचणीत धरत नाहीत. बसचा विषय काढला तेव्हा मात्र त्याचे दात पहिल्यांदा मिटलेले पाहिले.

तिथे गाडीवर सावली पडते ना? पक्षी वगैरे? कुणाकडून तरी रोज सकाळी चावी फिरवून बघत जा. नवी गाडी आहे, कधी ना कधी मनावर घेईल. सुरू झाली की ताबडतोब कळव, मी कुणाला तरी आणायला पाठवतो. पाहिजे तर मॅनेजरलाच. घरात आवाज नाही. आपला हिशेब मांडायला बसलो, पण तुझ्याशिवाय तो जुळत नाही आणि रागवायलाही कुणी नाही.

तुझाच,
मी

---

दि. २७ एप्रिल

श्री. मेहुण्यांना,

अक्काचा स. न. वि. वि.

तुमच्या पत्राचं उत्तर मी लिहिते आहे. बारकी देवापुढे बसली आहे. तिला सांगितलं की तूच लिही, तर म्हणाली, गाडीबद्दल आता मी काही लिहिणार नाही, तुला काय लिहायचं ते लिही, फक्त मला वाचून दाखवू नकोस.

तर गाडी अजून बंद आहे. शोरूमवाल्यांना हे पटणार नाही, पण त्यांच्या कागदांचं वजन मला आता कळलं आहे. माझाही शिक्का असता तर मारून पाठवला असता. ड्रायव्हरसाहेब रोज सकाळी न चुकता चावी फिरवतात. पुढचं मी पाहत नाही, डोळ्यात औषध घातलेलं असतं.

काल संध्याकाळी आम्ही दोघी, ड्रायव्हरसाहेब आणि त्यांची बायको तळ्यापर्यंत जाऊन आलो. पाणी इतकं लांबून इतकं स्वच्छ मला कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. तळं चालत जाण्यासारखं नाही. आम्ही कशाने गेलो, ते या वयात नेमकं आठवत नाही. खिडकी मात्र चांगली मोठी होती आणि काच आपोआप खाली गेली. ड्रायव्हरसाहेबांना चढावर गिअर बदलताना काही त्रास झाला नाही.

तुम्ही कुणाला पाठवू नका. मॅनेजरला तर मुळीच नको. बारकी म्हणते ह्यांना एकटं करमत नसेल, आणि मग माझ्याकडे बघते. म्हणून तुम्हीच या. तुमच्या घरावरून बस येते. उजव्या बाजूला बसा, ऊन लागणार नाही. कंडक्टरला माझं नाव सांगितलंत तर तो फाटकाशीच उतरवेल. ओळखीचं कुणी भेटलं तर सांगा की गाडी बंद आहे. लोकांना ते पटतं की नाही, याचा अनुभव तुमच्या बायकोने घेतला आहे, आता तुम्ही घ्या. आलात की आपण तिघं मिळून बघू ती सुरू होते का. माझा अंदाज आहे, तुम्हाला पाहून होईल.

येताना ते नवं पत्र आणा. बारकीला पाठकोरा कागद लागतो.

लोभ आहे. संपूर्ण तपासला. दोष आढळला नाही.

आपली,
अक्का