एकशे बारा नंबरचं घरटं

४ एप्रिल
गुहेतली पाकोळ्यांची घरटी मोजून काढायचा पहिला दिवस! आईच्या गुडघ्याने संप पुकारलाय, म्हणून यंदा तिचं काम माझ्याकडे. बाबा वेळूच्या शिडीवर, मी खाली बॅटरी आणि वही घेऊन. पिल्लं उडून गेलेलीच घरटी काढायची, हा नियम. बाबा हाताने चाचपतात, "रिकामं!" म्हणतात, कापून खाली बांधलेल्या जाळीत टाकतात. मी लिहिते.

आई इथे नुसती ओरडायची. "अहो, डावीकडे! अहो, जरा वर!" शाळेच्या सुट्टीत मी यायचे तेव्हा लाजेने मान खाली जायची. मी ठरवलंय — तोंडातून ब्र काढायचा नाही.

५ एप्रिल
पाकोळ्या काळोखात टकटक करत उडतात, आवाज भिंतीवरून परत येतो त्यावर वाट काढतात. एकही धडकत नाही! मी दोनदा आपटले.

घरटं म्हणजे निव्वळ थुंकी. महिनाभर लाळेचे धागे ओढून केलेली इवलीशी वाटी. परदेशात याचं सूप करतात, म्हणून एवढा भाव. हातात घेताना जीव गलबलतो.

९ एप्रिल
हातून पाप झालं.

एकशे बारा. बाबा "रिकामं!" म्हणाले, कापलं — आणि घरट्यासोबत जाळीत पिल्लू पडलं! पंख भरलेलं पिल्लू घरट्यात मावत नाही, बाहेर कडेला लटकून राहतं. मला खालून दिसलं होतं. वाटलं, बाबांनाही दिसतच असणार, आपण कशाला शहाणपणा शिकवायचा!

जिवंत आहे. बाबांनी पिठाची खळ करून घरटं होतं तिथेच चिकटवलं, पिल्लू कडेला लटकवलं. "तीस वर्षांत पहिल्यांदा गं," एवढंच म्हणाले. त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही.

१० एप्रिल
पिल्लाचे आईबाप फिरकले नाहीत. बाबा जेवले नाहीत. आई माझ्यावरच कडाडली — "तू खाली काय करत होतीस?" चोर सोडून संन्याशाला फाशी!

११ एप्रिल
आले!! दोघंही! घशात किड्यांचा गोळा घेऊन! बाबा माझ्या शेजारीच उभे, तरी दहा वेळा विचारत होते — "भरवतायत ना? नीट बघ." मी रडले. तेही.

१९ एप्रिल
उडालं! बाबांनी आवाजावरून ओळखलं. "ही टकटक नवी आहे. जरा अडखळतेय."

२० एप्रिल
बाहेर चांगला उजेड होता, तरी आईने घरातले सगळे दिवे नेहमीसारखे लावले. "किती घाई गं तुला!" मी हसले.

ती हळूच म्हणाली, "तुझ्या बाबांना अंधारात दिसत नाही. नऊ वर्षं झाली. कुणाला कळलं तर शिडी सुटेल त्यांची. मी ओरडत होते, ती काय हौस होती?"

२१ एप्रिल
घसा पार बसलाय. "बाबा, डावीकडे! बाबा, अजून वर!" अख्ख्या गुहेने ऐकलं.