चार दिवस निरोप बंद

आई, बाबा,

कॅम्पची बस सहाची आहे, म्हणून तुम्हाला उठवलं नाही. तुमचा अबोला सुरू झाल्यापासून इकडचे निरोप तिकडे मीच पोचवते. आता चार दिवस ते काम बंद. शिलाई मशीनचा पट्टा निसटला तर आईने बाबांनाच हाक मारायची. दुकानाची दुसरी किल्ली कुठे आहे, ते बाबांनी आईलाच विचारायचं.

बाबा, सोमवारी "जेवायला थांबू नका" हा तुमचा निरोप मी विसरले. आई ताटं झाकून तशीच बसून राहिली. बाबांना सांगू नकोस म्हणाली, म्हणून लिहिलं.

माझी काळजी नको. तंबू बांधण्यात वर्गात मीच पहिली आहे.

चिठ्ठी ज्याला आधी सापडेल, त्याने दुसऱ्याला वाचून दाखवायची. नुसती टेबलावरून सरकवायची नाही.

तुमची रजेवरची पोस्टमन