पप्पांचा डोळा तपासायचा राहिला

प्रिय पप्पा,

देवाच्या दयेने मी बरी आहे, जर्मनीची थंडीही आता सोसते. फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहिते. ग्रेसी वहिनी वाचून दाखवतील.

आज माझ्या विद्यार्थ्यांनी काचबिंदू ओळखायचं यंत्र स्वतःच्या हातांनी जोडलं. एकीने विचारलं, "तुमच्या घरी कोणाला तपासलंत?" मी सगळ्यांची नावं सांगितली, तुमचं सोडून.

नाताळात असंच यंत्र घेऊन मी आपल्या ओट्यावर अख्खी आळी तपासली. तुम्ही म्हणालात, "आधी लोकांचं बघ, मी कुठे पळतोय?" मी ऐकलं. आता माणिकपूरचे डॉक्टर म्हणतात, डाव्या डोळ्याची नजर परत येणार नाही. माझ्याकडेही उपाय नाही, पप्पा.

आई जेवते ना? उजव्या डोळ्यात रोज थेंब घाला. एवढं तरी करा.

तुमची लेक,
मर्लिन