तिरक्या भिंतीच्या अलीकडचे घर

प्रति,
मा. नकाशा-नोंद अधिकारी,
नगरपालिका कार्यालय

विषय: भावाचे घर पाडताना माझे घर पाडू नये याबाबत.
संदर्भ: आपली पाडकामाची नोटीस व माझे यापूर्वीचे सर्व अर्ज.

महोदय,

१. मी शिंपी आहे, वडीलही शिंपीच होते. त्यांनी आपली आयताकृती जागा आम्हा दोघा भावांना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उरेब कापून दिली, म्हणजे दोघांनाही एक लांब बाजू, एक आखूड, आणि भांडायला निमित्त नको. मधली तिरकी भिंत त्यांनीच बांधली. धाकट्याचे घर खचले, तो बिऱ्हाड घेऊन सासुरवाडीला गेला आणि ते घर पाडण्याचा आदेश निघाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. तक्रार अशी की, आपल्या नव्या संगणकाने दोन्ही घरे एकच धरली आहेत. आपल्या कार्यालयातील ताईंनी समजावून सांगितले, की संगणक प्रत्येक घराभोवती त्याच्या टोकांना टेकेल असा सरळ चौकोन आखतो, आणि ज्यांचे चौकोन जुळतात त्यांचा एक गट करून एकच नोंद ठेवतो. आमच्या दोन्ही त्रिकोणांना चौकोन एकच बसतो. "काका, आत भिंत आहे हे त्याला दिसतच नाही हो," असे त्या म्हणाल्या. मी रोज त्याच भिंतीला पाठ टेकून काजे करतो.

३. उपाय विचारला तर "एखादा कोपरा कमी करा, चौकोन बदलेल" असे उत्तर मिळाले. मी स्वयंपाकघराचा कोपरा स्वतःच्या हाताने पाडला. बायको तेव्हापासून उघड्यावर शेगडी मांडते आणि माझ्याशी बोलत नाही. मोजणीदार येऊन बाहेरूनच मोजून गेले, चौकोन तोच निघाला. काटकोनाचा कोपरा पाडून काही होत नाही, निमुळते टोक पाडावे लागते, हे मला तेव्हा कळले.

४. त्या टोकात माझी आई अंथरुणाला खिळून आहे. तिची खाट दुसरीकडे मावत नाही, कारण जिथे मावली असती ती जागा मी पाडून बसलो.

५. पथक सोमवारी येणार आहे. त्याआधी माणूस पाठवून ती भिंत एकदा डोळ्यांनी पाहावी. तेही जमत नसेल तर एवढेच करावे. धाकटा गेला तेव्हा त्याच्या नोंदीवर "घर रिकामे, आत कोणी नाही" असा शेरा पडला. नोंद आता एकच असल्याने तो शेरा माझ्याही घराला लागला आहे. आत माझी आई आहे, एवढे तरी त्यात लिहून घ्यावे.

आपल्या माणसाची वाट पाहणारा,
(सही)
थोरला भाऊ
शुक्रवार

सोबत: वाटणीपत्राची प्रत, भिंतीचे दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो.